रामरावांचं पेव

जपानी विमानं हसनाबादेवर बॉम्ब टाकायला येतील, असं १९४२ च्या उन्हाळ्यात गावात एकट्या मला वाटत होतं. वर्तमानपत्र वाचणाराही मी एकटाच, जालन्याहून आलेला नरहर मास्तर. वासरात लंगडी गाय शहाणी! त्यात तहसिलीतून हुकूम आला, की हवाई हल्ल्यासाठी आसऱ्याची तयारी ठेवा. मला आभाळ ठेंगणं झालं.

महिनाभरात मी शाळा भरून टाकली. रिकामी पोती, वाळूचे ढीग, बाभळीच्या बल्ल्या, घमेली. मुलांनाच जागा उरली नाही, म्हणून वर्ग झाडाखाली नेला. एवढं झाल्यावर माझ्या ध्यानात आलं, की खड्डा कुणी खणायचा हे यादीत लिहायचंच राहिलं. रामराव पाटील हसले.

"मास्तर, आमचं जुनं पेव हाये की. ज्वारी मावती, पोरं बी मावतील."

जमिनीखालची ती धान्याची कोठी दोन पुरुष खोल, तोंड दगड-चिखलानं लिंपलेलं. मी लगेच नकाशा काढला. चाळीस मुलं आत, तोंडावर बल्ल्या, वर वाळूची पोती, बिलकुल फट नको. दुसऱ्या दिवशी सकाळी तहसिलीतून येणाऱ्या साहेबांपुढे मुलं आत बसवून दाखवायची होती.

आदल्या दुपारी पेव उघडलं. मी धोतर खोचून उतरणार, तोच रामरावांच्या घरच्या चतुराबाई दोरीला पेटता कंदील बांधून पुढं आल्या. भरदुपारी कंदील! रॉकेलची इथं मारामार. मी वैतागलो.

"थांबा मास्तर, जल्दी करू नका."

कंदील अर्ध्यावर विझला. वारा लागला असेल, असं मी ठासून सांगितलं. शाळेत विज्ञान मीच शिकवत होतो. बाईंनी तो पुन्हा लावून सोडला. पुन्हा तिथंच विझला.

"पेवात कुठला वारा? दोन सालापासून बंद हाये. आता जो उतरल तो वर येनार न्हाई. दोन-तीन दिस उघडं ठेवा, कंदील जळाया लागला की मंग उतरा."

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?" माझा आवाज अजून मास्तराचाच होता.

"माझा भाऊ उतरल्ता," त्या म्हणाल्या आणि दोरी गुंडाळू लागल्या.

मला भयंकर लाज वाटली, आणि त्याहून भीती. पेवाच्या तोंडाशी बसून मी मनातल्या मनात उद्याच्या मुलांची हजेरी घेऊ लागलो, एकेक नाव. गजाननपाशी आलो. तो माझाच मुलगा. पुढचं नाव मला घेता येईना.