नवव्या मागाची पत्री

भरमाची चूक म्हणाल तर एवढीच, की त्याला दुजाभाव करणं जमलं नाही.

सिंगापूरच्या एका कंपनीनं सीमाभागातल्या वडगावात त्याच्या शेडात आठ यंत्रमाग बसवले, साड्या विणून द्यायच्या बोलीवर. माग कंपनीचे, घाम भरमाचा. मागांवर ठोकायला कंपनीच्या नावाच्या पितळी पत्र्या आल्या, त्यात एक जादा. दिवस नेमका खंडेनवमीचा. आठांना हळदकुंकू, झेंडू, पत्री, आणि कोपऱ्यातला वडलांचा खड्ड्याचा हातमाग तेवढा बोडका? भरमाला बघवेना. जादाची पत्री त्यानं तिथं ठोकली, फोटो काढून कंपनीला पाठवला. तिकडून नऊ मागांची यादी आली, तर यानं सहीसुद्धा केली. अरे, वाचायचं तरी! पण बापाचा माग यादीत आला म्हणून गडी हरखला होता, त्याला कुठलं वाचायचं सुचतंय.

तीन वर्षांत कंपनीचं दिवाळं वाजलं. तिकडच्या कोर्टानं लिक्विडेटर नेमला, म्हणजे कंपनीची मालमत्ता गोळा करून विकणारा माणूस. त्याचा हुकूम इथं कोण मानतंय, असं सगळी गल्ली म्हणत होती. बेंगळुरूच्या न्यायाधिकरणानं मानला. भरमानं आठ मागांवर पाणी सोडलं. नवव्यासाठी मात्र रूपाली वकिलीणबाईंना धरून चेन्नईला वरच्या न्यायाधिकरणाकडं अपील केलं.

"पत्री काढून टाका की," बायको मालुबाई आधीच म्हणाली होती. "कोण बघाय आलंय?"

"पुजेत बसवल्याली हाय ती. आणि खोटं कशाला? माग आप्पाचा हाय, गल्लीला ठावं हाय."

गल्लीला ठाऊक होतं, चेन्नईला नव्हतं. समोरच्या वकिलानं तोच फोटो दाखवला आणि तीच सही. भरमाकडं पावती कुठली? माग गल्लीतल्याच सुताराच्या हातचा, आणि तो सुतारही कधीच गेला. अपील फेटाळलं.

"अण्णा, अजून वर जाता येईल," रूपालीबाई फोनवर म्हणाल्या, "पण तोवर माग नेणं थांबवता येणार नाही. मुदत मागितली, दिली नाही."

सोमवारी टेम्पो आला. मागावर अर्धी साडी होती. साडी पुरी झाल्याबिगर ताण्याच्या उभ्या सुतांना कात्री लावायची नाही, हे आप्पांनी शिकवलेलं. टेम्पोतली माणसं कापायला वाकली तेव्हा भरमानं कात्री मागून घेतली आणि स्वतः कापलं. परक्याच्या हातून त्याला ते सोसलं नसतं.

"जुनं लाकूड," सह्या घेताना लिक्विडेटरचा अधिकारी म्हणाला, "जळणाच्या भावात जाईल."

"मग आम्हालाच द्या की त्या भावात," मालुबाई म्हणाली.

"सुटं विकता येत नाही बाई. नऊ माग, एकच लिलाव."

टेम्पो गेला. मालुबाई चहा घेऊन आली तर भरमा रिकाम्या खड्ड्यात पाय सोडून बसलेला. पाय आपसूक मागाच्या पावड्या दाबत होते, खाली नुसती माती होती.

"खड्डा तेवढा ऱ्हायला गं," तो म्हणाला. "ह्याला पत्री ठोकायचं सुचलं न्हाय मला."