खांडेनवमीचं पाणी

मित्रांनो, भंडाऱ्याजवळच्या एका छोट्या धावपट्टीच्या कडेला पत्र्याची शेड आहे. तिच्यात कबुतरांनी ज्याला आपलं घर केलंय, तो मी. मी एक जुनं शिकाऊ विमान आहे. दोघांपुरती जागा, एकच इंजिन आणि डोक्यावर पसरलेले पंख. मोठ्या विमानांचा रुबाब मला कधी नव्हता. पण ती उडवणाऱ्या कितीतरी जणांनी पहिल्यांदा जमीन सोडली ती माझ्याबरोबर, आणि हे सांगताना आजही माझी मान जरा ताठ होते.

पेट्रोल माझ्या पंखांत भरतात, वरच्या झाकणांतून. झाकणातून चुकून पाणी गेलं, तर जड असल्यामुळे ते तळाशी बसतं. ते काढायला पंखाखाली एक लहानशी कळ आहे. उडण्याआधी तिच्याखाली पारदर्शक पेला धरायचा, कळ दाबायची आणि आलेलं पेट्रोल उजेडात पाहायचं. निळसर पेट्रोलखाली पाण्याचा थर दिसला, तर सगळं पाणी निघेपर्यंत मी जागचं हलायचं नाही. इतकं साधं काम, आणि ते एकदा न केल्यानं माझं सारं आयुष्य बिघडलं.

उर्वशी माझी सगळ्यात लाडकी विद्यार्थिनी. पवनीजवळच्या एका गावात तिच्या घरची धानाची शेती. माझ्याशी ती कधी आडदांडपणे वागली नाही. त्या दसऱ्याला तिला प्रथमच एकटीनं दूर जायचं होतं, आपल्याच गावावरून फेरी मारून परतायचं होतं. तिचे वडील ताराचंद गावच्या तलावाच्या पाळीवर माणसं जमवून बसणार होते. आई आनंदाबाई मात्र आदल्या दिवशीच, खांडेनवमीला, नारळ घेऊन धावपट्टीवर आल्या.

खांडेनवमीला आपल्याकडे नांगर, विळे, यंत्रं धुऊन पुजतात, आणि मग दसऱ्यापर्यंत त्यांना कामाला लावत नाहीत. सकाळी माझ्यात पेट्रोल भरलं. त्यानंतर आमचा मेकॅनिक जीवन यानं पाइप लावून मला धुतलं. पोळ्याला बैल धुवावेत तसं, अगदी मायेनं, पंखांवर पाण्याची धार धरून. माझ्या एका झाकणाचं रबर कधीचं झिजलं होतं. बदलू, बदलू म्हणत ते राहून गेलं होतं. थंडगार पाणी आत झिरपत गेलं आणि मला ते कळलं. पण सांगायला तोंड कुठं होतं?

आनंदाबाईंनी मला झेंडूचा हार घातला. चाकांना, इंजिनाला आणि पंखाखालच्या त्या कळेलाही हळदीकुंकू लावलं. इतकं कौतुक माझं पूर्वी कुणी केलं नव्हतं. मी हरखून गेलो.

दसऱ्याच्या सकाळी उर्वशी पेला घेऊन पंखाखाली वाकली, तेव्हा मुक्कामाला राहिलेल्या आनंदाबाई म्हणाल्या, "कालच तं पूजा झाली न बाई, त्याले कायले टोचून राहिली? कुकू पुसून जाईन."

उर्वशीनं शिक्षकांकडे पाहिलं. केशवराव सर कडक, पण त्या दिवशी तेही सणाच्या आनंदात होते. "राहू दे. काल पेट्रोल भरताना मी उभाच होतो," ते म्हणाले. ते खरंच उभे होते. धुतलं मात्र त्यानंतर, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. उर्वशीनं पेला खिशात ठेवला.

धावपट्टीवर मी नीट धावलो. जमीन सुटली, नाक वर झालं, आणि तळाचं पाणी सरकत इंजिनाकडे गेलं. इंजिन अडखळलं, खोकलं, त्याची ताकद गेली. उर्वशी घाबरली, पण तिनं नाक खाली केलं आणि समोरच्या बांधीत, उभ्या धानात मला उतरवलं. चिखलात माझी चाकं रुतली आणि मी नाकावर आपटलो. ती वाचली. तिचा उजवा हात मात्र कोपरात मोडला. तिकडे पाळीवर ताराचंद दुपारपर्यंत आभाळाकडे पाहत बसले होते.

तो हात पुन्हा सरळ झाला नाही, आणि डॉक्टरांनी तिला उडायची परवानगी नाकारली. मीही पुन्हा उडालो नाही. आता ती पवनीच्या शाळेत गणित शिकवते. त्या दिवशी कुणाच्याही मनात माझ्यासाठी प्रेमाशिवाय दुसरं काही नव्हतं, याचंच मला सगळ्यात वाईट वाटतं. मित्रांनो, ज्याला जीव लावता, त्याच्याकडे रोज वाकून नीट बघाही. पूजा खुशाल करा, पण आधी पेला उजेडात धरा.

दर खांडेनवमीला त्या मायलेकी शेडमध्ये येतात. उर्वशी कोरड्या फडक्यानं मला पुसते. आनंदाबाई हार आणत नाहीत. त्या गुडघ्यावर हात टेकत पंखाखाली वाकतात, पेला धरतात आणि कळ दाबतात. माझी टाकी केव्हाचीच रिकामी आहे. तरी त्या पेला लेकीपुढे करून विचारतात, "पाय बाई, साफ हाय का?"

उर्वशी तो रिकामा पेला उजेडात धरते, बराच वेळ पाहते आणि म्हणते, "साफ हाय, माय."