आखूड बोटांना पुरणारा ब्रेक

टक्.

दुपारचं घर निपचित पडलं होतं, तेवढ्यात हा आवाज झाला. मित्रांनो, तो माझा. मी एका छोट्या सायकलचा जुना ब्रेक आहे, मुठीपुढचा बोटांनी दाबायचा दांडा. घरातल्या दोन मुलींपैकी धाकटीने मला दाबून सोडलं होतं, कारण सायकल आजपासून तिची झाली.

माझा जन्म झाला त्या वर्षी बाजाराला मोटारसायकलचं वेड लागलं होतं. लहान सायकलींनाही तसाच जाडजूड, काळा ब्रेक हवा, असं दुकानदार कारखान्याला कळवत. मग मला तसंच घडवलं. मिशा असत्या तर मी त्यांना पीळ भरला असता.

कारखान्यात माझं चित्र काढणारी बाई म्हणजे या मुलींची आई. पहिला नमुना म्हणून तिने मला थोरलीच्या सायकलवर बसवलं. गल्लीच्या उतारावर थोरलीने बोटं ताणताण ताणली, पण ती माझ्यापर्यंत पोचलीच नाहीत. पाय घासत कशीबशी थांबली. पायाचा अंगठा सोलवटला.

"आई, मला नीट दाबता येत नाही," एवढंच म्हणाली, जणू चूक तिचीच.

दुसऱ्या दिवशी आईने मला विक्रीसाहेबांच्या टेबलावर ठेवलं आणि मला बारीक करू या म्हणाली.

"बाई, ब्रेक मुलं विकत घेत नाहीत. बाप घेतात."

"दाबतात मात्र मुलंच, साहेब."

"बारीक केलात तर दुकानात कुत्रं विचारणार नाही याला."

माझा रुबाब तसाच राहिला. पण आईने हट्टाने माझ्या आणि माझ्यामागून बनलेल्या प्रत्येक ब्रेकच्या आतल्या बाजूला एक छोटा स्क्रू बसवून घेतला. तो पिळला की मी मुठीजवळ सरकतो. तिचे उपकार मी कसे फेडू? चार वर्षं थोरली माझ्या भरवशावर तो उतार उतरली. पुढे बाजार रंगीत ब्रेकांमागे लागला, सायकलही लहान पडली, आणि मी माळ्यावर गेलो. तक्रार नाही. माझ्या वाट्याला काम आलं, तेही विश्वासाचं.

मागणं एवढंच. नवी सायकल घ्याल तेव्हा आमचा थाट मागाहून बघा. आधी आपली बोटं पोचतात का ते बघा. आणि अधूनमधून तेलाचा एक थेंब द्या.

आज आई धाकटीच्या मापाने स्क्रू पिळत होती.

"दुकानातले काका पण असं करून देतात?"

"नाही गं. हा स्क्रू दिसतच नाही ना, म्हणून कुणी सांगतही नाही."

धाकटीने माझ्यावरची आपली चार बोटं पाहिली, मग आईकडे पाहिलं.

"मग बाकीची मुलं उतारावर कशी थांबतात?"