आधी दिलेली साक्ष

"आधी साक्ष द्या, ताई. बरं होणं मागून येतं. बरं झाल्यावर साक्ष द्यायला विश्वास कशाला लागतो?"

ब्रदर नवलचा तो मऊ आवाज तीन महिने चारुलताच्या कानात मुक्कामाला होता. जळगावच्या मंगल कार्यालयातल्या प्रार्थनासभेत, स्टेजच्या पायऱ्यांशी, हे सांगत त्यांनी तिच्या हाती माइक दिला होता. त्या मंडळींची रीतच तशी. आजार अंगात असतानाच तो गेला असं चारचौघांत बोलायचं, आणि बोललेलं देव खरं करतो असं धरून चालायचं. चारुलता बोलली. माझ्या नूतनला नवव्या वर्षापासून फिट येत होत्या, आज ती मोकळी झाली, गोळ्या मी टाकून दिल्या. टाळ्या पडल्या. शेजारी उभी असलेली एकोणीस वर्षांची नूतन आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली.

गोळ्या तेव्हा पर्समध्येच होत्या. धुळ्याला घरी परतल्यावर तिनं त्या मोरीत ओतल्या, बोललेलं खोटं पडू नये म्हणून.

चारुलता काही उथळ बाई नव्हती. नवरा गेल्यापासून साड्यांना फॉल-पिको करून दोघींचं पोट भरत होती. पहाटे साडेचारला गुडघ्यावर बसायचं, शुक्रवारी दिवस मावळेपर्यंत पाणीही घ्यायचं नाही, हा नेम तिनं तापातसुद्धा मोडला नव्हता. पण साक्षेचा व्हिडिओ फोनाफोनांतून फिरला, तशा बाजारात अनोळखी बायका तिला थांबवून विचारू लागल्या, तुम्हीच ना त्या? सुरुवातीला ती प्रार्थना झाल्यावर व्हिडिओ बघायची. मग प्रार्थनेआधी. मग एकेका पहाटे गुडघ्यावर बसल्या बसल्या फोनच हातात राही आणि खिडकीत उजाडून जाई.

तिसऱ्या आठवड्यात नूतन न्हाणीत पडली. जीभ चावली गेली. तोंडातलं रक्त धुऊन झाल्यावर ती म्हणाली, "आई, एक गोळी आणू का?"

"साक्ष दिलीय ग आपण."

"आपण नाही. तू दिलीस."

ही परीक्षा आहे, कुणाजवळ बोलू नकोस, असं चारुलतानं तिला समजावलं. पुढच्या दोन्ही फिट दार लावून निभावल्या. चौथी शनिवारी दुपारी आली. नूतन भाकरी भाजत होती, ती तोंडघशी तव्यावर पडली. चारुलता दुकानातून रीळ घेऊन येईपर्यंत किती वेळ गेला ते कळायला मार्ग नव्हता. झटके थांबतच नव्हते.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गोळ्या कधीपासून बंद आहेत? चारुलता म्हणाली, चुकून चार दिवस राहिल्या. बाईंनी तसं लिहून घेतलं. मग सांगितलं की उजवा डोळा गेला आहे, आणि मेंदूला किती मार बसला ते आत्ताच सांगता येत नाही. नूतन डावा डोळा उघडत होती, पण आईकडे बघताना भिंतीकडे बघावं तशी बघत होती.

रविवारी ब्रदरांचा फोन आला. ते रागावले नाहीत. प्रार्थनेत आहोत म्हणाले, स्वयंपाक करताना भाजली एवढंच सांगा म्हणाले.

"व्हिडिओ मात्र राहू द्या, ताई. हजारोंचा विश्वास त्यावर उभा आहे."

चारुलता फोन हातात धरून बाकावर बसली. वीस वर्षं ती चर्चमध्ये मुलांना दहा आज्ञा शिकवत आली होती. माझ्याशिवाय दुसरा देव मानू नकोस, ही पहिली शिकवताना ती दुसऱ्यांच्या देव्हाऱ्यांची उदाहरणं द्यायची. आपल्या हातातल्या वस्तूपुढे कोण रोज पहाटे बसत होतं, कुणापायी पोरीचं तोंड दाबलं गेलं, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज उरली नव्हती. तिनं देवाला हाक मारायला तोंड उघडलं. मग शरमेनं ते मिटलं आणि फोन बाकावर उपडा ठेवला.

तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. अमळनेरच्या पुढच्या एका खेड्यातून मंजुळाबाई बोलत होत्या. ओळख नव्हती, व्हिडिओवरच्या नंबरवरून लावला होता.

"अक्का, तुमनी साक्ष तीनदा ऐकी. उद्यापाईन आमनी भूमिकान्या बठ्ठ्या गोळ्या बंद."

भूमिका त्यांची सून. तिलाही फिट येत होत्या, पाचवा महिना चालू होता, आणि विहिरीवरून पाणी तीच आणायची. चारुलतानं सगळं सांगितलं, तवा, डोळा, मोरीत ओतलेल्या गोळ्या. 

"हाई तुम्ही नई बोली राहिनात," मंजुळाबाई थंडपणे म्हणाल्या. "ब्रदरनी सांगेल शे, साक्ष मोडाले सैतान असाच बोलस."

मग फोन सुनेच्या हातात गेला असावा. आवाज अगदी बारीक होता.

"अक्का, तुम्ही सोता यीसन सांगशात का आत्याबाईले? मनं कोणी ऐकस नई."

"येते. उद्या दुपारच्या आत येते. तोवर गोळी चुकवू नकोस."

चारुलता उठून डॉक्टरीणबाईंकडे गेली. चार दिवस नाही, तीन महिने, आणि चुकून नाही, मी टाकल्या, असं तिनं सांगितलं.  बाईंनी आधीची ओळ खोडली आणि खाली नवी लिहिली. चारुलतानं त्या कागदाची झेरॉक्स मागून घेतली. मंजुळाबाईंना ऐकलेलं पटणार नव्हतं, कदाचित लिहिलेलं पटेल.

सोमवारी सकाळी बहीण ज्योती नूतनजवळ बसायला आली. आज पट्टी बदलणार आहेत, आजच कशाला जातेस, तिनं विचारलं.  व्हिडिओ पुसणं चारुलताच्या हातात नव्हतं, तो जिथे होता तिथे चालूच होता. पलंगाच्या कडेला ती टेकली आणि बऱ्याच दिवसांनी मोकळ्या हातांनी प्रार्थना केली. नूतन बरी व्हावी एवढंही मागायची हिंमत झाली नाही. तुझ्याशिवाय आता माझ्याजवळ काही नाही, इतकंच म्हणाली.

नूतनच्या तळव्यात तिनं बोट ठेवून पाहिलं. बोटं मिटली नाहीत. तिनं कागदाची घडी ब्लाउजमध्ये सारली, चप्पल घातली आणि अमळनेरच्या गाडीसाठी स्टँडकडे चालू लागली.