आधी मावशीनं चाखायचं

शाळेचा नियमच तसा. खिचडी मुलांच्या ताटात पडायच्या आधी रांधणाऱ्या सुचितानं घासभर खायची, मग मुख्याध्यापिका जयमालाबाईंनी. सुचितानं घास तोंडात टाकला रे टाकला की कार्टी ताटं बडवत ओरडायची, "मावशी मेली काऽऽ?" तिनं मान हलवली की "न्हाऽऽय!" करून खिदळायची. रोजचंच. मेली आचरट, पण सुचिताला कधी राग यायचा नाही.

तिचा जीव अडकलेला पोरीत. नवरा गेल्यावर ती आगरदांड्याहून रेवदंड्याला माहेरगावी आली, तेव्हापासून प्राप्ती व्हरांड्याच्या टोकाला एकटीच जेवायची. खिचडीवालीची पोर म्हणून कुणी सरकून जागा देईना. आई ते रोज लांबून बघायची.

त्या दिवशी मात्र सगळ्यांचं "न्हाय" झालं, बाईंनीही चाखलं, ताटं वाढायला लागली तोच प्राप्ती उठली.

"मेली तर कशी मरल, दाखवू?"

तिनं खोटा घास खाल्ला आणि धाडकन पडली. डोळे पांढरे, मान एका अंगाला, अंगठे मुठीत घट्ट, टाचा लादीवर थडथड. रांगेतल्या अल्पेशनं पळत जाऊन चप्पल आणली न् तिच्या नाकाला लावली. पोरं हसून हसून लोळली. एकाच्या तर नाकातून खिचडी आली.

सुचिताचा वाढता हात थांबला. सुचितालाच अशी फिट यायची. शाळेत कुणाला ठाऊक नव्हतं. कळलं असतं तर चुलीपाशी कोण उभं करणार होतं तिला? आणि फिट येऊन गेली की तिला स्वतःलाही काही आठवायचं नाही. त्या वेळी आपण कशा दिसतो, ते तिनं आज पहिल्यांदा पाहिलं. अगं बाई, हे सगळं ही पोर घरात एकटी बघत बसते!

जयमालाबाईही डोळे पुसत हसत होत्या. "अगदी हुबेहूब गं! कुठं शिकलीस?"

प्राप्ती उठून बसली. आईकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. "मोबाइलवर."

"ये, हितं बस," म्हणत अल्पेश सरकला. पोरीचा चेहरा असा फुललेला सुचितानं रेवदंड्याला आल्यापासून पाहिला नव्हता.

"परत! परत कर!" मुलं मागेच लागली. आता मात्र प्राप्तीनं आईकडे पाहिलं. काय करावं त्या माउलीनं? रागवावं तर पोर पुन्हा टोकाला जाऊन बसणार. खरं सांगावं तर काम जाणार.

"कर ना," सुचिता म्हणाली, आणि सगळ्यांबरोबर मोठ्यानं हसली.