मानाचा खांदा

हौसाने ओटीचं ताट खाली ठेवलं आणि दाराला आतून अडसर घातला. ढोल वळणावर आला होता. शिमग्यात देवीची पालखी दारी यावी आणि घरच्या बाईने दार लावून घ्यावं, असं वाडीत कधी घडलं नव्हतं.

पण पालखीच्या पुढच्या दांड्याला सखारामचा खांदा होता. मानकरी ना तो! पंधरा दिवसांपूर्वी हाच मेला तिच्या आठ वर्षांच्या नम्रताला खाऊच्या मिषाने काजूच्या बागेत घेऊन गेला होता. पोर परत आली ती मुकीच झाली. हौसा पोलीस ठाण्यात ठाण मांडून बसली, तक्रार लिहून घेतल्याशिवाय उठली नाही. आणि दुसऱ्या दिवशी सखाराम गुळगुळीत दाढी करून एसटीतून उतरला. साल २०११; देवरूखच्या वकिलाने तिला समजावलं, आजच्या कायद्यात एवढ्याला विनयभंगच म्हणतात, जामीन हा त्याचा हक्क आहे. हक्क म्हणे! मुंबईहून नवऱ्याचा फोन आला, शिमगा होऊन जाऊ दे, मग बघू.

ढोल दारात थांबला.

"हौसा, देवी उभी हाय. दार उघड," गावचा प्रमुख, गावकार म्हणाला.

"त्याचा खांदा काढा. उघडते."

बाहेर कुजबुज झाली. मग गावकाराने ऐकवलं, मान बापजाद्यांपासून त्याच घराचा, तो काढणारे आपण कोण? सखारामने खांद्यावरचा दांडा नीट केला. पालखी पुढच्या घरी गेली. नम्रता चुलीपाशी कानांवर हात दाबून बसली होती.

हौसा अंगणवाडी सेविका. मुलांसाठी नवा कायदा करायचा आहे, गावोगावच्या सूचना सह्यांसकट पाठवा, असा कागद तिला गेल्या मीटिंगमध्ये मिळाला होता. तो तिने आता काढला. 'असल्या माणसाला जामीन देऊ नका,' एवढंच लिहिलं. संतापाने पेन इतकं दाबलं की कागद फाटला. खाली एकच सही, तिची.

उन्हं उतरल्यावर मागच्या दाराने शेजारची आनंदीबाई आली. सत्तरीची, पालखीच्या आरतीला सगळ्यांच्या पुढे असणारी. ही आता देवीचा कोप सांगणार, म्हणून हौसा तोंड फिरवून बसली.

"काय लिवलंस?"

हौसाने वाचून दाखवलं. म्हातारीने तव्याच्या बुडाला अंगठा घासला आणि हौसाच्या सहीखाली उठवला.

"माझ्या हिराचं पण लिव."

हिरा तिची लेक. बारा वर्षांची असताना पाय घसरून विहिरीत पडली, असं वाडीत सांगत. हौसा तेव्हा या गावची सूनही नव्हती. पण सखारामही तेव्हा रांगत असेल. तिला हिशेब लागेना.

"कोण होता?"

"ह्याचा बापूस. तवा मान त्याच्याकडं." आनंदीबाईने काळा अंगठा पदराला पुसला. "त्या साली पण पालखी दारात आली होती. मी ओटी भरली."