वाचणारं बोट

"लिवलं बघ," म्हणत नाथाजींनी पेन खाली ठेवलं आणि कागद नातीपुढे सरकवला.

अंकितानं पाहिलं. 'जयराज पाटील, वांगी, विरुद्ध वीरधवल मोरे, उंब्रज.' तिनं सांगितलं तसंच्या तसं, रेखीव, एकही खाडाखोड नाही. तिनं कागद पालथा घातला, आजोबांना चहा दिला, उसाला पाणी कधी देणार म्हणून विचारलं, आणि कप खाली टेकल्याबरोबर कागद पुन्हा त्यांच्यासमोर धरला.

"आता वाचा."

नाथाजींनी चष्मा पुसला, पुन्हा घातला. स्वतःच्याच हातचं अक्षर, आणि ते दिसत होतं कानडी मुलखातून आलेल्या एसटीच्या पाटीसारखं. रेघ न रेघ स्वच्छ, पण एकीचाही पत्ता लागत नव्हता.

"न्हाई गं," ते म्हणाले.

"नाटकं हायती सगळी!" आतून आजी, अंबूबाई, कडाडल्या. "आपुनच लिवायचं आन आपल्यालाच वाचता येईना म्हनं. आसं कुटं आसतं व्हय?"

आता यात अंबूबाईंचं तरी काय चुकलं? तीन महिन्यांपूर्वी नाथाजींच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली, मिरजेच्या दवाखान्यात आठ दिवस काढले, आणि माणूस चालत घरी आला. बोलणं तेच, आवाज तोच, तिरकं बोलायची खोडही तीच. उजवीकडचं जरा कमी दिसायचं, ते चौकटीला खांदा घासून भागत होतं. फक्त वाचणं गेलं होतं. सगळंच्या सगळं, मुळासकट.

एरवी त्यांनी ते पचवलंही असतं. पण गावच्या यात्रेतलं कुस्तीचं मैदान आठ दिवसांवर आलं होतं, आणि फौजेतून परतल्यापासून सलग सत्तावीस वर्षं त्या मैदानाचा माईक नाथाजींच्या हातात होता. पंचांनी जोड ठरवायची, चिठ्ठीवर नावं लिहून मंचावर पाठवायची आणि नाथाजींनी, म्हणजे गावाच्या तात्यांनी, ती पुकारायची, अशी रीत. शंभर-सव्वाशे कुस्त्या, तेवढ्याच चिठ्ठ्या. यात्रा कमिटीचा नानासो परवाच येऊन गेला होता. "तात्या, चिठ्ठ्या वाचनं जमंल नव्हं?" त्यानं चाचपून विचारलं, आणि नाथाजींनी ठोकून दिलं होतं, "न जमायला काय धाड भरलीया? चष्म्याचा नंबर तेवढा बदलायचाय."

"माईक गेला तर माझं मागं काय ऱ्हायलं गं?" आता ते अंकिताला म्हणाले.

अंकिता पुण्यात वाचा-उपचार, म्हणजे स्पीच थेरपी, शिकत होती, सुट्टीला आली होती. ती आजोबांसमोर मांडी घालून बसली.

"आजी, हे नाटक नाही," ती आत ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली. "बोलणं माणसाचं लई जुनं आहे, तात्या. वाचणं त्या मानानं कालपरवाचं. त्यासाठी मेंदूत जन्मतः वेगळी जागा नसते. आपण शाळेत जातो, तेव्हा वस्तू न् चेहरे ओळखायच्या जागेतलाच एक तुकडा अक्षरांच्या नावे होतो. डोळ्यांनी बघितलेलं तिथं जातं, आणि तिथून शब्दांकडं. तुमचे डोळे आहेत. शब्दही सगळे आहेत. मधली वाट बुजलीय. लिहायची वाट निराळी असते, ती शाबूत आहे."

नाथाजींनी थोडा विचार केला. "म्हंजी हिरीत पानी हाय, रान बी झ्याक हाय, मधला पाट फुटलाय."

"अगदी तसंच!"

"मग दुसरीकडनं पाट काढायचा. त्यात काय यवडं?"

ते आपलं बोलायचं म्हणून बोलले. बोलता बोलता त्यांचं बोट कागदावर रेंगाळलं आणि पहिल्या अक्षराच्या वळणावरून, पाटीवर गिरवतात तसं, फिरलं. फिरलं आणि थांबलं.

"ज," नाथाजी म्हणाले.

"काय?"

"ज हाय ह्यो! डोळ्याला न्हाई कळला. हाताला कळला!" त्यांचं बोट पुढच्या अक्षरावर गेलं. "गप. मधी बोलू नगंस. य... रा... आगं जयराज! जयराज हाय ह्यो!"

कप लवंडला, बशी फुटली, अंबूबाई पोळपाट सोडून लाटण्यासकट धावत आल्या. बघतात तर म्हातारा कागदावर बोट फिरवून ओरडतोय आणि नात टाळ्या पिटत नाचतेय. अंकितानं हे पुस्तकात वाचलं होतं, पण तिथं ते चार ओळींत संपलं होतं. इथं तिच्या आजोबांचं बोट तिच्या डोळ्यांदेखत नवा पाट खणत होतं.

"वी... र... वीरधवल!" नाथाजी म्हणाले, आणि ढसाढसा रडले. अंबूबाईंनी लाटणं बाजूला ठेवून पदरानं त्यांचं तोंड पुसलं. "म्या आपलं नाटकं म्हनलं," त्या पुटपुटल्या.

पुढच्या आठवड्यात गावातलं एकही अक्षर नाथाजींच्या बोटातून सुटलं नाही. खताची पोती झाली, लग्नपत्रिका झाल्या, ग्रामपंचायतीची भिंत झाली. देवळाच्या पायरीवर कोरलेली नावं गिरवत बसले, तेव्हा पप्पू न्हाव्यानं जाता जाता विचारलं, "तात्या, पायरी पुसायचं काम घेतलंय का?" पहिल्या दिवशी एका नावाला चहा निवेपर्यंत वेळ लागायचा. सहाव्या दिवशी अंकिता दहा आकडे मोजेस्तोवर जोडी वाचून व्हायची. आणि मग तर कागदाला बोट लावायचीही गरज उरली नाही. नजर अक्षराच्या कडेनं फिरवायची आणि बोट मांडीवर हलवायचं. धोतरावर अक्षर उमटत नसे, पण मनात उमटायचं.

मैदानाच्या दिवशी चैत्राचं ऊन कलताना हलगी कडाडली. मंचावर खुर्च्यांची दाटी, मधोमध नाथाजी आणि माईक. डावीकडे भगव्या फेट्यात नानासो. उजवीकडे काळा गॉगल लावलेला मलकापूरचा तरुण निवेदक ऋषिराज. "मदतीला आसूद्या म्हनलं," असं नानासो म्हणाला होता. कसली मदत, ते न कळायला नाथाजी काही दुधखुळे नव्हते.

पहिली चिठ्ठी आली. नाथाजींनी ती टेबलाच्या कडेशी धरली, हात मांडीवर नेला आणि दुसरीकडे तोंड सोडलं: या मातीत कुणी कुणाला कसं आस्मान दाखवलं, कुठल्या तालमीत कुणाच्या आईनं दुधाच्या चरव्या पोचवल्या. तेवढ्यात बोटाचं काम झालं. "जोड लागतीया! संग्राम यादव, वांगी!" मैदानातून शिट्ट्या उठल्या. खाली बायकांच्या गर्दीत अंकितानं आजीचा हात घट्ट आवळला.

वीस झाल्या, चाळीस झाल्या. घिस्सा बसत होता, ढाक लागत होती, पोरं चितपट होत होती आणि तात्यांचा आवाज धुळीवरून घुमत होता. पन्नासाव्या चिठ्ठीला मात्र बोट अडलं. फिरवून फिरवून अक्षर लागेना. पैलवान लंगोट बांधून उभे, हलगी थांबलेली, आणि तोंडातल्या गोष्टीही आटत आलेल्या. शेवटी त्यांच्या ध्यानात आलं की कागदच उलटा धरलाय. त्यांनी तो फिरवला आणि नावं खणखणीत पुकारली. पण तोवर नानासोनं सगळं पाहिलं होतं; आतापर्यंत तात्यांनी पैलवान ओळखूनच नावं पुकारली, अशी त्याची खात्री झाली.

नानासो माणूस वाईट नव्हता. मैदान त्याच्या जिवावर उभं होतं, आणि हजारो लोकांपुढं तात्यांचं हसं व्हावं हेही त्याला नको होतं. त्यानं वहीतला कागद फाडला, घाईनं काहीतरी खरडलं. उठून पलीकडे जायचं तर सगळ्यांची नजर जाणार. मग त्यानं विचार केला, ज्याला वाचताच येत नाही त्याच्या हातून द्यायला काय भ्यायचं?

"तात्या, ही जरा ऋषिराजकडं सरकवा."

नाथाजींनी चिठ्ठी घेतली. उजवीकडे हात नेला. नेता नेता सवयीनं नजर कागदावर गेली, आणि मांडीवरचं बोट आपसूक हललं.

ऋषिराजचं नाव लागलं. त्याच्यापुढं 'ता'. मग 'त्या'. हात हवेतच थांबला. नेहमीच्या चिठ्ठीत सहा-सात शब्द असत. इथं ओळी होत्या. बोट एकेक अक्षर खणत गेलं. खाली दोन पैलवान अंगाला माती लावून वाट बघत उभे होते. नानासो खोकला. ऋषिराजनं हात पुढे केला. नाथाजींनी शेवटच्या शब्दापर्यंत जाऊनच बोट उचललं, आणि माईक ओढला.

"मंडळी, कुस्ती लागायच्या आधी एक सूचना. कमिटीचे नानासो ह्यांची हाय. जशीच्या तशी वाचतो." त्यांचा आवाज शांत होता. "'ऋषिराज, तात्याला वाचता येत नाही. चिठ्ठी उलटी धरून बसला होता. पुढच्या जोडीपासून माईक तू घे. त्याला मी काहीतरी सांगून उठवतो.' सूचना संपली."

बांधावरून कुणीतरी खो खो हसलं.

"आरं, वाचता येत न्हाई म्हनून वाचून दावतोय गड्या!"

हसण्याचा लोंढा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला. तात्यांची ही नवी गंमत म्हणून फेटे उडाले, हलगीवाल्यानं न सांगता ठेका धरला. बायकांच्या गर्दीत अंकिता एकाच वेळी हसत आणि डोळे पुसत होती. मंचावर मात्र नानासो हसत नव्हता.

"तात्या," तो कानाशी झुकून म्हणाला, "म्या सोताच्या डोळ्यानं बघितलं. कागूद उलटा हुता."

"हुता."

"मग ह्ये कसं वाचलं तुमी?"

नाथाजींनी माईकवर तळवा ठेवला आणि उजव्या हाताचं बोट त्याच्यापुढं धरलं. "ह्यानं. डोळ्याचं काम आता ह्यो करतोय. जरा सावकाश करतोय, पर करतोय."

नानासो त्या बोटाकडे बघत राहिला. कळलं की नाही, कुणास ठाऊक. तेवढ्यात खालची कुस्ती निकाली लागून पंचांची पुढची चिठ्ठी आली. ती त्यानं मधेच घेतली, वाचली आणि खिशात घातली. वहीतला एक कोरा कागद फाडून मान खाली घालून बराच वेळ तो लिहीत बसला, आणि कागद सुलटा करून नाथाजींसमोर ठेवला.

दोनच नावं होती. एकेक अक्षर बोटभर उंच, सुटं सुटं, पहिलीच्या पोराला गिरवायला द्यावं तसं.

"घ्या तात्या," नानासो म्हणाला. "लोकं खोळंबल्याती."